वाइनमधला ओक कसा ओळखायचा, आणि त्याचे पैसे कधी मोजायचे

वाइनच्या बाटलीवर 'ओक एज्ड' दिसलं की दुकानदारापासून ऑफिसातल्या जाणकार मित्रापर्यंत सगळे एकच सांगतात, भारी आहे, घेऊन टाक. का भारी, ओक नावाच्या झाडाच्या लाकडाच्या बॅरलमध्ये, म्हणजे पिंपात, ठेवल्यावर वाइनला नक्की होतं काय, असं विचारलं की मग 'स्मूद होते रे' यापुढे गाडी जात नाही. तर ते नाकाने आणि जिभेने कसं ओळखायचं ते इथे लिहितोय, घरच्या घरी, मसाल्याच्या डब्यातल्या चार वस्तू आणि दोन-तीन बाटल्या एवढ्या सामानात. मध्ये थोडी केमिस्ट्री येणार, त्याला इलाज नाही, पण त्यातली बरीचशी तुमच्या स्वयंपाकघरात आधीच बरण्यांमध्ये भरलेली आहे.

एक गोष्ट आधीच पक्की करा म्हणजे पुढचं सोपं जातं. बॅरल दोन वेगळी कामं करतं. एक म्हणजे लाकडातले वास आणि चवी वाइनमध्ये उतरतात. दुसरं म्हणजे लाकडातून, फळ्यांच्या सांध्यांतून, बुचाच्या भोकातून अगदी जराशी हवा आत शिरत राहते आणि त्या हवेने वाइन महिनोन्‌महिने हळूहळू बदलते. पहिलं काम नवं बॅरल करतं. दुसरं काम वीस वर्षं वापरून झालेलं बॅरलसुद्धा करतं. लोक 'ओकी आहे' म्हणतात तेव्हा पहिल्याबद्दल बोलत असतात, 'स्मूद आहे' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा दुसऱ्याबद्दल, आणि सगळा गोंधळ होतो तो हे दोन्ही एकच समजल्यामुळे.

आधी नाक तयार करा

साधी, स्वस्तातली, ओक नसलेली रेड वाइन आणा. पाच ग्लासांत प्रत्येकी ५० मिली ओता. पहिल्यात काहीच टाकायचं नाही, तो तुलनेसाठी. दुसऱ्यात दोन लवंगा. तिसऱ्यात चमचाभर किसलेलं सुकं खोबरं. चौथ्यात व्हॅनिलाच्या शेंगेचा तुकडा, नसेल तर केकमध्ये घालतो त्या इसेन्सचे एक-दोन थेंब, जास्त नको. पाचव्यात शेपूची एक काडी. होय, शेपूच, सांगतो का ते. वरून बशा झाका, अर्धा तास ठेवा, मग गाळून एकेक करून वास घ्या, मध्येमध्ये साध्या ग्लासकडे परत या. भरीत करणार असाल त्या दिवशी वांग्याची करपलेली सालही एका वाटीत शेजारी ठेवा. हे प्यायचं नाही, नुसतं हुंगायचं. वेडेपणा वाटेल आणि घरचे दोन शब्द बोलतीलही, पण पुस्तकात शंभर वेळा 'स्पाइसी' वाचून जे कळत नाही ते यात एका संध्याकाळी कळतं.

आता हे चालतं कशामुळे. लवंगेला जो वास येतो तो मुख्यतः युजेनॉल नावाच्या रेणूमुळे, आणि नेमका तोच रेणू ओकच्या लाकडातही असतो, म्हणजे बॅरलमधल्या वाइनला लवंग 'सारखा' वास येतो असं म्हणण्यात काही अर्थ नाही, तो लवंगेचाच वास आहे. व्हॅनिलाचंही तेच. लाकडात लिग्निन असतं, ते तापवलं की तुटतं आणि त्यातून व्हॅनिलिन निघतं, बाजारात मिळणाऱ्या इसेन्समध्येही हेच असतं. खोबऱ्याचा वास येतो लॅक्टोनमुळे, ज्याला ओक लॅक्टोन म्हणतात आणि व्हिस्कीतही सापडतो म्हणून व्हिस्की लॅक्टोन असंही म्हणतात. करपलेल्या सालीचा धुरकट वास म्हणजे ग्वायकॉल आणि त्याची भावंडं. कॅरमल, भाजलेले बदाम वगैरे जे येतं ते लाकडातल्या साखरेसारख्या घटकांपासून, हेमिसेल्युलोजपासून, आगीत तयार झालेल्या फरफ्युरलसारख्या गोष्टींमुळे.

आणि शेपू? अमेरिकन ओकमध्ये भरपूर राहिलेल्या रेड वाइनला खोबऱ्यासोबत कधीकधी चक्क शेपूचा वास येतो. स्पेनमधली जुन्या पद्धतीची रिओहा किंवा अमेरिकन ओकवर ठाम असलेली कॅलिफोर्नियाची सिल्व्हर ओक ही वायनरी यांच्याबद्दल लोक हेच बोलतात. ज्यांना शेपूची भाजी आवडत नाही त्यांना हा वास सगळ्यात आधी सापडतो असं माझं निरीक्षण आहे.

झाड कुठलं

वाइनसाठी मुख्य ओक दोन गटांतले. अमेरिकन म्हणजे क्वेर्कस अल्बा, पांढरा ओक. युरोपातले म्हणजे क्वेर्कस पेट्रीआ आणि क्वेर्कस रोबर, फ्रान्सपासून हंगेरी आणि क्रोएशियापर्यंत. अमेरिकनमध्ये लॅक्टोन जास्त, त्यामुळे खोबरं आणि गोडसर व्हॅनिला उघडउघड समोर येतं. फ्रेंचमध्ये लाकडाचं टॅनिन, म्हणजे तोंड कोरडं करणारा तुरट घटक, जास्त, वास दबका, लवंग-जायफळाच्या बाजूचा, आणि तोंडात पकड जास्त.

फ्रेंच बॅरल अमेरिकनपेक्षा महाग पडतं, त्यामागचं एक कारण मला फार आवडतं. अमेरिकन ओकच्या लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांमध्ये निसर्गतःच बुचं बसलेली असतात, टायलोसिस म्हणतात त्यांना, त्यामुळे लाकूड करवतीने हवं तसं कापलं तरी बॅरल गळत नाही. फ्रेंच ओक असा कापला तर गळतो, म्हणून तो रेषेच्या दिशेने फोडावा लागतो, आणि असं फोडताना ओंडक्याचा जेमतेम पाव भाग बॅरलच्या कामी येतो, बाकीचं दुसरीकडे जातं. त्यात ती झाडं दीड-दोनशे वर्षांची. मध्य फ्रान्समधलं त्राँसे हे यातलं सगळ्यात नावाजलेलं जंगल, तिथल्या ओकची शिस्तशीर लागवड १७ व्या शतकात चौदाव्या लुईच्या कोलबेर नावाच्या मंत्र्याने आरमाराच्या जहाजांसाठी लावून दिली होती. जहाजं लोखंडाची झाली आणि लाकूड वाइनवाल्यांच्या पदरात पडलं.

फळ्या फोडल्या की लगेच बॅरल करत नाहीत. दोन ते तीन वर्षं उघड्यावर रचून ठेवतात, उन्हापावसात. पावसाने लाकडातला कडवटपणा धुऊन जातो, फळ्या करड्या पडतात. हे घाईत उरकलं तर वाइनला सुताराच्या दुकानातल्या भुश्यासारखा कच्चा वास येतो, तो आला की समजा की ओक आहे पण चांगला नाही.

मग आग. फळ्या लोखंडी कड्यांत उभ्या करतात, ना खिळा ना गोंद, मधोमध ओकच्याच ढलप्यांची शेकोटी पेटवतात आणि तापलेल्या फळ्या वाकवतात. वाकवून झाल्यावर आतली बाजू आणखी भाजतात, त्यालाच टोस्ट म्हणतात, लाइट, मीडियम, मीडियम प्लस, हेवी. कमी भाजलं तर खोबरं आणि कच्चं लाकूड जास्त, मध्यम भाजलं तर व्हॅनिला आणि मसाला, फार भाजलं तर खोबरं मागे पडतं आणि कॉफी, धूर पुढे येतो. आपल्याकडे वाइनपेक्षा व्हिस्की पिणारे जास्त म्हणून सांगतो, बर्बन या अमेरिकन व्हिस्कीचं बॅरल आतून पेटवून काळाकुट्ट कोळसा करतात, वाइनचं तसं नाही, ते भाजतात, जाळत नाहीत.

किती मोठं, किती जुनं, किती दिवस

नेहमीचं बॅरल फ्रान्समधल्या बोर्डो पद्धतीचं, २२५ लिटरचं. तिथल्याच बर्गंडीचं २२८. मग ३००, ५०० आणि इटलीत पिएमाँतेमध्ये हजारो लिटरची प्रचंड पिंपं, बहुतेक क्रोएशियातल्या स्लाव्होनियन ओकची. आकार वाढला की ओकची चव कमी होते, कारण सरळ भूमिती आहे: लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली तर वाइन आठपट मावते पण लाकूड चौपटच लागतं, म्हणजे दर लिटरला लाकडाचा स्पर्श निम्मा. म्हणून दोन-दोन वर्षं लाकडात राहिलेल्या पिएमाँतेच्या पारंपरिक बरोलो वाइनलाही व्हॅनिला येत नाही आणि लोक बुचकळ्यात पडतात.

जुनेपणाचा हिशोब त्याहून महत्त्वाचा. पहिल्या वापरात बॅरल सगळ्यात जास्त देतं, दुसऱ्यात कमी, तीन-चार वापरांनंतर चव जवळजवळ संपते आणि ते फक्त श्वास घेणारं भांडं उरतं. त्यामुळे लेबलवर नुसतं '१२ महिने ओकमध्ये' लिहिलं असेल तर खरं सांगायचं तर फारशी माहिती मिळाली नाही. नव्या बॅरलमधले १२ महिने आणि पाचव्यांदा वापरलेल्या बॅरलमधले १२ महिने यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. '३० टक्के नवीन फ्रेंच ओक' असं काही लिहिलेलं असेल तर ते वाचण्यासारखं.

रिओहावर हात बसवा

एकच प्रदेश घेऊन ओक शिकायचा असेल तर उत्तर स्पेनमधला रिओहा घ्या, कारण तिथे लाकडातल्या वेळेचे नियमच ठरलेले आहेत आणि ते बाटलीच्या मागच्या बाजूच्या छोट्या सीलच्या रंगावरून दुकानातच कळतात. हिरवं सील म्हणजे तरुण वाइन, बहुधा लाकडाशिवाय किंवा अगदी थोडं. लाल म्हणजे क्रियान्था, रेडसाठी निदान एक वर्ष बॅरलमध्ये, एकूण वय दोन वर्षं. गडद मरून म्हणजे रेझेर्वा, एकूण तीन वर्षं, त्यातलं निदान एक बॅरलमध्ये. निळं म्हणजे ग्रान रेझेर्वा, एकूण पाच, त्यातली निदान दोन बॅरलमध्ये आणि दोन बाटलीत. १९ व्या शतकात बोर्डोची बॅरलची पद्धत इथे आली, फ्रान्सच्या द्राक्षबागा फिलॉक्सेरा किडीने उद्ध्वस्त झाल्यावर फ्रेंच व्यापारीही इकडे वळले, आणि बॅरलसाठी लाकूड मात्र अटलांटिकपलीकडून अमेरिकेचं आलं. हल्ली फ्रेंच ओकही खूप वापरतात.

एकाच कंपनीची हिरवी आणि लाल अशा दोन बाटल्या मिळवा. परदेशात असाल तर सहज मिळतील, मुंबई-पुण्यात मोठ्या दुकानांत किंवा ड्यूटी फ्रीमध्ये शोधावं लागेल. शेजारीशेजारी ओता. टेंपरेचर सांभाळा बाबांनो, 'रूम टेंपरेचर' म्हणजे मे महिन्यातलं आपलं ३२ डिग्री नव्हे, १६ ते १८, म्हणजे दोनेक तास फ्रीजमध्ये ठेवून काढलेली. गरम वाइनमध्ये अल्कोहोलच नाकात जातं आणि बाकी काही कळत नाही.

आधी हिरवी हुंगा. चेरी, स्ट्रॉबेरी, ताजं फळ. मग लाल. फळ असेलच पण त्यावर काय चढलंय ते शोधा, आणि अडलात तर मसाल्याच्या ग्लासांकडे जा. मग घोट घ्या आणि गिळल्यावर दहा सेकंद थांबा. लाकडाचं टॅनिन आणि द्राक्षाच्या सालीचं टॅनिन वेगळं काढणं भल्याभल्यांना जमत नाही, पण साधारण खूण अशी की ओक जास्त झालेला असेल तर शेवटी, फळ संपल्यावर, काडी चावल्यासारखा सुका तुरटपणा आणि किंचित कडू उरतं.

दुसरं काम, म्हणजे हवेचं, पकडायचं असेल तर रिओहामधलीच लोपेस दे एरेदिया बघा, आरो गावातली १८७७ ची जुनी वायनरी, त्यांची बॅरलं तिथेच स्वतःचे कारागीर बनवतात आणि दुरुस्त करत वर्षानुवर्षं वापरतात. बॅरल जुनी, त्यामुळे इतकी वर्षं लाकडात राहूनही व्हॅनिलाचा मारा नाही. मिळतं ते वेगळंच, सुकामेवा, वाळलेली फुलं, तोंडात रेशीम. स्वस्त नाही, पण एकदा चार जणांत मिळून घ्या.

आत घडतं ते असं. तरुण रेड वाइनमध्ये रंगद्रव्यं आणि टॅनिन सुटी असतात. थोड्या ऑक्सिजनने थोडं अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं आणि ते यांना एकमेकांशी जोडतं, त्यामुळे रंग टिकाऊ होतो आणि तुरटपणा गोलसर होतो. त्याच वेळी बॅरलमधून पाणी आणि अल्कोहोल उडत असतं, वर पोकळी तयार होते, ती दर आठवड्या-पंधरवड्याला वाइनने भरून काढावी लागते, नाहीतर आत अ‍ॅसिटिक बॅक्टेरिया माजतात आणि व्हिनेगर व्हायला लागतं. हवा कोरडी असेल तर पाणी जास्त उडतं आणि अल्कोहोल चढतं, दमट तळघरात उलटं. नाशिकच्या एप्रिलमध्ये म्हणूनच बॅरलची खोली नुसती गार करून भागत नाही, ओलसरही ठेवावी लागते.

जे ओक नाही ते

इथे सगळे फसतात. व्हाइट वाइनमधला लोण्याचा वास ओकचा नाही. तो डायअसिटिलचा, बॅक्टेरिया मॅलिक अ‍ॅसिडचं लॅक्टिक करतात तेव्हाचा. शार्डोनेला हे बऱ्याचदा बॅरलमध्येच करतात म्हणून दोन्ही एकत्र भेटतात आणि लोक ओकला श्रेय देतात, स्टीलच्या टाकीतही लोणी येऊ शकतं. शिराझमधली काळी मिरी द्राक्षाची, रोटंडोन नावाच्या घटकाची. तबेल्याचा वास ब्रेटानोमायसिस यीस्टचा, ते लाकडाच्या छिद्रांत लपून बसतं हे खरं, पण ती लाकडाची चव नाही, सफाईचा प्रश्न आहे. धूर सुद्धा दर वेळी बॅरलचा नसतो, बागेजवळ वणवा लागला असेल तर तेच ग्वायकॉल द्राक्षातून येतं.

व्हाइटबद्दल एक उलटी गोष्ट सांगतो जी पहिल्यांदा पटत नाही. स्टीलमध्ये आंबवून मग बॅरलमध्ये टाकलेल्या शार्डोनेपेक्षा सुरुवातीपासून बॅरलमध्येच आंबवलेली शार्डोने कमी ओकी लागते. कारण यीस्ट जिवंत असताना व्हॅनिलिनचं रूपांतर जवळजवळ वास नसलेल्या पदार्थात करतं आणि तळाचा यीस्टचा गाळ बाकीचं थोडं शोषून घेतो. तर ओक असलेली व्हाइट फ्रीजमधून थेट ओतू नका, चार डिग्रीला लवंग-व्हॅनिला काही उठत नाही, वीसेक मिनिटं बाहेर ठेवा.

आपल्याकडे काय घ्यायचं

भारतात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या व्हाइट, म्हणजे शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यॉ ब्लाँ, बहुतेक स्टीलच्या टाकीतल्या असतात आणि तसंच बरं आहे, त्यांची मजा ताजेपणात आहे. ओकसाठी रेडकडे या. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ, अकलूजच्या फ्रातेल्लीची सेत्ते, बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची ला रिझर्व्ह, या ओकमधल्या आहेत आणि यातली कुठलीही एक साध्या स्वस्त रेडशेजारी ठेवून पाहिली तरी धडा होतो. 'रिझर्व्ह' या शब्दावर मात्र नुसता भरवसा ठेवू नका, स्पेनमध्ये त्यामागे नियम आहे, आपल्याकडे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने वापरते, म्हणून मागचं लेबल वाचा.

नाशिकला वायनरी टूरला गेलात तर सेल्फी काढून झाल्यावर बॅरलचं गोल तोंड वाचा. त्यावर बनवणाऱ्याचं नाव असतं, सेगँ मोरो, तारांसो, नादालिए, रादू असं काही, देश किंवा जंगल असतं, टोस्ट असतो, एम म्हणजे मीडियम, एम प्लस, एच म्हणजे हेवी, आणि बऱ्याचदा बनवल्याचं वर्षही. गाइडला विचारा की यातली नवी किती टक्के आणि किती वर्षं वापरता. उत्तर पटकन आलं तर तिथला माणूस वाइनमधला आहे, फिरवाफिरवी झाली तर मार्केटिंगमधला.

पैशाचा हिशोब सोपा आहे. २२५ लिटर म्हणजे ३०० बाटल्या. नवं फ्रेंच बॅरल ९०० युरोचं धरलं तर बाटलीमागे ३ युरो नुसते लाकडाचे, शिवाय टॅक्स, वाहतूक, उडून गेलेली वाइन, अडकलेले पैसे. अमेरिकन बरंच स्वस्त. म्हणजे एखाद्या अगदी स्वस्त बाटलीत ढीगभर व्हॅनिला येत असेल तर ती नव्या बॅरलमध्ये राहिलेली असणं गणितातच बसत नाही. तिथे ओकचे चिप्स किंवा फळ्यांचे तुकडे मोठ्या चहाच्या पिशव्यांसारखे टाकीत सोडलेले असतात. यात बेकायदा काही नाही, युरोपनेही २००६ मध्ये परवानगी दिली. चिप्सने पहिलं काम होतं, वास येतो. हवेचं काम आपोआप होत नाही, त्यासाठी टाकीत मोजून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडायचं तंत्र १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नैर्ऋत्य फ्रान्समधल्या मादिराँमध्ये निघालं. लेबलवर 'बॅरल' शब्द टाळून नुसतं 'ओक्ड' किंवा 'ओकचा स्पर्श' असं असेल तर समजून घ्या. चालतं, रोजच्या जेवणाला काही हरकत नाही, पण त्याचे बॅरलचे पैसे देऊ नका.

शेवटची परीक्षा दुसऱ्या दिवशी घ्या. बाटली पूर्ण संपवू नका, पाव भाग बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या संध्याकाळी थोडी कोमट होऊ देऊन परत हुंगा. फळाचा वास आधी उतरतो, लाकडाचा मागे राहतो. फळ आणि मसाला दोन्ही अजून जागेवर असतील तर त्या वाइनची आणखी एक बाटली घ्यायला हरकत नाही, आणि नुसतं व्हॅनिला-खोबरं उरलं असेल तर उरलेली मटणाच्या रश्श्यात ओता.